नौपाड्यातला रविवारचा जादूचा क्लास : शिकवणं झकास, किट भंगार

पाचपैकी चार स्टार. गेलेला एक स्टार किटचा, सरांचा नाही, हे आधीच सांगून टाकते. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली किटवरून बरंच बोलणार आहे आणि माणूस खरंच चांगला आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. ओळखणारे ओळखतील.

तर हा क्लास म्हणजे क्लोज-अप मॅजिक, टेबलावर हातभर अंतरावरून करायची जादू. आपल्याकडे जादू म्हटलं की पी. सी. सरकार नाहीतर आपले पुण्याचे जादूगार रघुवीर, झगमगता पोशाख, पेट्या, मागे म्युझिक हेच डोळ्यासमोर येतं. इथे टेबलावर काय, तर दहाचं नाणं, भाजीच्या जुडीचं रबर, बॉलपेन, टिश्यू आणि कुणाच्या तरी स्कूटरची चावी. सर पहिल्याच दिवशी म्हणाले की शक्यतो वस्तू समोरच्याकडूनच मागायची, आपली काढलीत की लोकं आधी वस्तूवर संशय घेतात, त्यांच्या खिशातली घेतलीत की निम्मं काम तिथेच झालं. चार रविवार, सकाळी दहा ते बारा, फी 2400 रुपये किटसकट. आम्ही नऊ जण होतो, त्यात दोन कॉलेजची पोरं, एक डेंटिस्ट, बँकेतून रिटायर झालेले एक काका (हे सगळ्यात आधी येऊन पहिली खुर्ची धरायचे), आणि बायका आम्ही तिघी.

आता गंमत अशी की जादूची ही सगळी विद्या पँटच्या खिशावर उभी आहे. सर म्हणाले, "आता सहज उजवा हात खिशात घाला", आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघतोय, कारण तिघींच्याही कुर्त्याला खिसाच नाही! सरांनी पण डोक्याला हात लावला, म्हणाले वीस वर्षं शिकवतोय पण हे कधी डोक्यातच आलं नाही. मग पुढच्या रविवारी ते खरंच विचार करून आले, हे मला फार आवडलं. पर्समधून रुमाल काढायला हात घालणं हे कुणालाच खटकत नाही, बायका दिवसभर पर्समध्ये काहीतरी शोधतच असतात, म्हणजे नाणं टाकून द्यायला याहून चांगली जागा कुठली. आणि बसून करायच्या जादूत नाणं टेबलाच्या कडेवरून मांडीत सोडायचं असतं, त्याला लॅपिंग म्हणतात, तिथे तर मांडीवरची ओढणी म्हणजे लॉटरी, आवाज नाही काही नाही. पुरुष मंडळींची नाणी फरशीवर खणखण पडत होती आणि आमची गुपचूप ओढणीत. उलट बांगड्यांनी मात्र घात केला, हात जरा जरी चोरटा हलला की किणकिण. सर म्हणाले काढू नका, उलट आधीपासूनच हातवारे करत बोला म्हणजे किणकिण चालूच राहील आणि कुणाला वेगळी ऐकू येणार नाही. मी तशीही हातवारे करूनच बोलते.

पहिले दोन रविवार जवळजवळ पूर्ण एकाच गोष्टीवर गेले, फ्रेंच ड्रॉप. यूट्यूबवर पोरं शिकवतात त्यामुळे सांगायला हरकत नाही. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नाणं कडेने आडवं धरायचं, उजवा हात वरून येतो, अंगठा नाण्याच्या खालून जातो, बोटं पुढून झाकतात, आणि मूठ मिटते त्याच क्षणी डाव्या हाताने नाणं सोडून द्यायचं, ते आपल्याच डाव्या तळव्यात पडतं आणि उजवी मूठ रिकामीच बाहेर येते. बस. मला वाटलं पाच मिनिटांत जमेल, आणि हात जमलाही, पण सर समोर बसून फक्त माझ्या डोळ्यांकडे बघत होते. म्हणे मॅडम, नाणं कुठे आहे ते तुमच्या डोळ्यांनी सांगितलं. मी दर वेळी चोरून डाव्या हाताकडे बघत होते, अगदी पाव सेकंद. मग त्यांनी काय केलं तर मला दहा वेळा नाणं खरंच उजव्या हातात घ्यायला लावलं, काहीही लपवाछपवी न करता, आणि म्हणाले आता स्वतःकडे बघा, खरं घेता तेव्हा मान कशी जाते, खांदा कसा वळतो, डावा हात कसा सैल पडतो. अकराव्या वेळी खोटं करा, पण तेच सगळं ठेवून. हे यूट्यूबवर नाही मिळत बाबा, तिथे फक्त बोटं दिसतात. 2400 पैकी 2000 तरी मी या एका अर्ध्या तासाचे धरते.

सगळ्यात धमाल तिसऱ्या रविवारी. डेंटिस्टना मधे खुर्चीत बसवलं, आम्ही बाकीचे बाजूला. सरांनी टिश्यूचा गोळा केला, त्यांच्या नाकासमोर धरला, एक दोन तीन, गायब. गोळा गेला कुठे, तर डॉक्टरांच्या डोक्यावरून सरळ मागे! आम्हा सगळ्यांना दिसतंय, फक्त त्या एका माणसाला दिसत नाहीये, आणि ते बिचारे सरांच्या बाह्या तपासतायत, टेबलाखाली वाकून बघतायत. चौथ्या गोळ्याला बँकवाल्या काकांना हसून हसून ठसका लागला. मागे वळून बघितलं तेव्हा डॉक्टरांच्या खुर्चीमागे आठ गोळे पडले होते. हा आयटम टोनी स्लायडिनी नावाच्या इटलीत जन्मून अमेरिकेत नाव कमावलेल्या जादूगाराने गाजवलेला, वर सांगितलेलं मांडीत सोडण्याचं कामही त्याची खासियत. यात हातचलाखी जवळपास नाहीच हो, फक्त समोरचा ज्या क्षणी दुसऱ्या हाताकडे बघतो तो क्षण पकडायचा. (यासाठी फॅन बंद ठेवतात, ठाण्याच्या मे महिन्यात. नॅपकिन घेऊन जा.)

रबरबँडचं पण छान शिकवलं. पहिल्या दोन बोटांवरचं रबर उडी मारून शेवटच्या दोन बोटांवर जातं ते आधी, मग दोन रबरं एकमेकांतून आरपार काढायची, ज्याला क्रेझी मॅन्स हँडकफ्स म्हणतात. पहिलं एका तासात जमतं, दुसरं मला अजूनही धड येत नाही, रबर तुटून गालावर बसलंय दोनदा. रबराची आख्खी पिशवी सरांनी जांभळी नाक्यावरून आणलेली, ती वाटून टाकली, किटमधली रबरं त्यांनीच बाजूला ठेवायला लावली यातच काय ते ओळखा.

तर आता किट. काळा डबा, वर सोनेरी अक्षरं, आत मखमल, दिसायला एक नंबर. सरांनी बाहेरून मागवलेलं आहे, त्यांनी बनवलेलं नाही. आतला खोटा अंगठा, म्हणजे आपल्या अंगठ्यावर टोपीसारखा घालायचा तो थम्ब टिप, गुलाबी! बाहुलीच्या अंगठ्यासारखा गुलाबी. आमच्या नऊ जणांत एकाचाही हात त्या रंगाचा नाही. सर म्हणतात नीट वापरला तर रंग लागत नाही कळून, कारण अंगठ्याचं टोक कायम समोरच्याकडे ठेवायचं आणि हात हलता ठेवायचा, आणि त्यांनी करून दाखवलं तेव्हा खरंच नाही दिसला. पण मी घरी केलं तर सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "अगं अंगठ्याला काय लागलं? बँड-एड आहे का ते?" संपला विषय.

नाणी तर त्याहून वरताण. किटमध्ये अमेरिकन हाफ डॉलरच्या नकला आहेत, चार. खरा हाफ डॉलर 30.6 मिलिमीटरचा, जगभरातले जादूगार तोच वापरतात कारण तळहातात छान अडकतो. पण मी ठाण्यात कुणासमोर हाफ डॉलर काढणार? लोकं जादू बघायच्या आधी नाणंच उलटंपालटं करत बसतात. आपलं दहाचं 27 मिलिमीटरचं आहे, आणि बारा कोनांचं वीसचं पण तेवढंच, बायकांच्या हाताला हीच साइज बरी पडते असं माझं मत. नवीन एक रुपया 20 चा, तो तळव्यात थांबतच नाही, घसरतो. आणि दहाच्या नाण्याचा अजून एक फायदा, ते चालत नाही ही अफवा अजून काही दुकानदारांच्या डोक्यात बसलेली आहे (रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगून झालंय की चौदाच्या चौदा डिझाइन चालतात) त्यामुळे गायब करून दाखवते म्हटलं की लोकं आनंदाने देतात.

शिवाय किटमध्ये एक चुंबकाची अंगठी आहे. स्टीलचा एक नि दोन रुपया तिला टकाटक चिकटतो, दहाचं आणि सध्याचं पिवळं पाचचं ढिम्म हलत नाही, आणि सोबत दिलेले ते हाफ डॉलर पण चिकटत नाहीत! म्हणजे अंगठी आणि नाणी एकाच डब्यात, पण एकमेकांच्या काही उपयोगाची नाहीत. ही अंगठी सध्या आमच्या फ्रीजवर दुधाचं बिल धरून ठेवते. मी सरांना सरळ विचारलं की किट काढून फी कमी का करत नाही, तर म्हणाले डबा दिला नाही तर लोकांना काहीतरी मिळाल्यासारखं वाटत नाही. पटलं पण आणि राग पण आला.

खरी परीक्षा झाली ट्रान्स हार्बरला, ठाणे-वाशी लोकल, लेडीज डबा, सकाळची नऊची वेळ. शेजारच्या ताईंकडून दहाचं नाणं मागितलं, फ्रेंच ड्रॉप केला, डोळे बरोबर उजव्या मुठीवर, फुंकर मारली, मूठ उघडली, रिकामी! समोरच्या दोघी पुढे सरकल्या. मी हुरळून डावा हात पर्सकडे नेला आणि दिघा गाव यायच्या आधी गाडीने जो हिसका दिला, नाणं सुटून टुणटुणत थेट दारापर्यंत. क्लिपा-रबरं विकणाऱ्या मावशी दारातच बसल्या होत्या, त्यांनी पायाने थांबवलं, उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पडलं तर पडलं, तू बगू नको ना खाली, हसत ऱ्हायची. मी सुट्टे देताना तशीच ऱ्हाते." अख्खा डबा हसला. ऐरोलीला उतरेपर्यंत मी त्यांच्याकडून केसांची रबरं घेऊन उडी मारणारं रबर तीनदा दाखवलं, म्हणजे एकालाच तीच जादू परत दाखवायची नाही हा सरांचा नियम मी तिथेच मोडला आणि तिसऱ्या वेळी एका कॉलेजच्या मुलीने बरोबर पकडलं. सरांना सांगितलं तर म्हणाले त्या मावशींना पुढच्या बॅचला घेऊन या, फी नको.

बाकी बारीकसारीक. जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा. गोखले रोडला रविवारी पण पार्किंगची बोंब, स्टेशनवरून चालतच या. वेळ बाराची असली तरी सुटतं साडेबाराला, कारण बँकवाले काका सोडत नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पुढची बॅच गणपतीनंतर आहे म्हणे, किट नको असं आधीच स्पष्ट सांगून बघा, मी सांगितलं नव्हतं, आणि येताना खिसेवाला कुर्ता असेल तर तोच घाला.