इतिहासाच्या मूळ कागदांचा संच: कागद एक नंबर, कार्डं मात्र कापावी लागली

पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातनं हा संच घेतला, 650 रुपये, निम्मे मॅडमनी शाळेतनं दिले निम्मे माझ्या खिशातनं. आठवीत 41 पोरं, त्यातली पाचसहा अजून जोडाक्षराला अडखळतात आणि दोघी अशा की माझा धडा सुरू व्हायच्या आत वाचून मोकळ्या, आणि डब्यावर लिहिलेलं 'प्रत्येक मुलासाठी', म्हणून घेतला.

आतल्या कागदांत सगळ्यात भारी म्हणजे आपल्या साताऱ्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरच्या पानाची प्रत. 7 नोव्हेंबर 1900, भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे आपले बाबासाहेब, नंबर 1914. एक पोरगा म्हणतो, सर, 1900 ला शाळेत घातलं मग 1914 कसं आलं, चौदा वर्षं काय केलं? वर्ग हसला, पण त्यावरनंच रजिस्टर नंबर म्हणजे काय, आपला जनरल रजिस्टरला नंबर कुठला, हे सगळं निघालं, ऑफिसातनं आमचं रजिस्टर आणून दाखवावं लागलं. हे पोरगं एरवी तास संपेपर्यंत तोंड उघडत नाही बरं का.

मोडीच्या पानाची तर गंमतच. पहिल्या बाकावरच्यांनाही एक अक्षर लागेना, म्हणजे सगळा वर्ग एका रेषेत आला. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दात जागा नाही, आणि इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही, हे सांगितल्यावर मागनं आवाज आला, "सर, आपलं शुद्धलेखन पण मोडीतच घ्या की". चित्र काढणारी पोरगी अक्षराचं वळण सगळ्यांच्या आधी ओळखत होती.

आता तक्रार. संचाबरोबर प्रश्नांची कार्डं आहेत, हिरवी सोपी, पिवळी मधली, लाल अवघड. दुसऱ्या दिवशीच पोरांना कळलं हिरवं कार्ड कुणाला मिळतं ते, आणि एकानं ते दप्तरात लपवलं. अहो कागद तोच, त्यात शिरायच्या वाटा निरनिराळ्या, एवढंच करायचं होतं ना, त्याला रंग कशाला? मी रंगाच्या पट्ट्या कात्रीनं उडवल्या, सगळी कार्डं एका डब्यात टाकली, ज्याला जे पाहिजे ते घ्या म्हटलं. लाल कार्ड उचललं आणि जमलं नाही तर शेजाऱ्याला विचारतात, कुणी रडत नाही.

जुन्या सातारा जिल्ह्याचा नकाशा पण आहे, 1949 ला दक्षिण सातारा वेगळा व्हायच्या आधीचा, म्हणजे आत्ताच्या सांगलीतले वाळवा तासगाव सगळे आपल्यातच. ज्यांचं आजोळ तिकडं ते तर उड्याच मारत होते. पण छपाई इतकी बारीक की मलाच चष्मा लागतो, 40 रुपये देऊन मोठी झेरॉक्स काढली. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला कंपनीला कळवतो, दोन महिने झाले.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर कात्री आणि झेरॉक्सचे पैसे धरून घ्या.