एका दिवसात एकच : क्विन्सी की कॅल्युमेट?

मिशिगनच्या उत्तर टोकाला, कीविनॉ द्वीपकल्पात, तांब्याच्या दोन बड्या कंपन्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत. हँकॉकच्या टेकडीवर क्विन्सी, आणि तिथून यूएस-४१ ने वीसेक किलोमीटर पुढे कॅल्युमेट अँड हेक्ला. दोन्ही परिसरांना १९८९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. हँकॉकशेजारच्या हाउटनला शिकायला असणारी मराठी मुलं दोन्ही सावकाश बघू शकतात. शिकागो किंवा डेट्रॉइटहून गाडी हाकत येणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा एकच दिवस लागतो. सहल म्हणून यायचं असेल तर कुठेही जा. इमारत कशी बांधली, का तशी बांधली आणि आज ती कुठे खचते आहे, हे बघायचं असेल तर निवड करावी लागते.

घडीव बांधकामात कॅल्युमेट सरस आहे, हे आधीच मान्य करतो. कंपनीचं मुख्य कार्यालय १८८७ चं, बॉस्टनच्या शॉ अँड हनेवेल यांच्या आराखड्यावर बांधलेलं. समोरचं ग्रंथालय १८९८ चं. त्याच्या तळघरात सुरुवातीला कामगारांसाठी स्नानगृहं होती. भिंतींना खाणीतून निघालेला टाकाऊ खडक वापरलाय, म्हणजे दगड जवळपास फुकट आणि खर्च सगळा घडाईवर. गंजासारखा तांबूस, जांभळट, करडा असे रंग एकाच भिंतीत मिसळलेत. हा खडक सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांमधला. आपल्या काळ्या दगडाचा हा फार थोरला भाऊ, कारण दख्खनचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्यामुळे सह्याद्रीचे किल्ले पाहिलेल्या डोळ्यांना इथल्या भिंती पटकन कळतात. कार्यालयात आज कीविनॉ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचं मुख्यालय आहे, ग्रंथालयात दफ्तरखाना आहे. वापरात असल्यामुळे छपरं, पन्हळी आणि खिडक्या नीट राहिल्या आहेत.

पण कॅल्युमेटला एक गोष्ट सतत खटकते, आणि माझं पारडं क्विन्सीकडे तिनेच फिरवलं. माइन स्ट्रीटवर एकही शाफ्ट-रॉकहाउस, म्हणजे खाणीच्या तोंडावरची दगड वर घेऊन फोडणारी उंच इमारत, उरलेलं नाही. १९६८ च्या संपानंतर कंपनीच्या खाणी कायमच्या बंद पडल्या; खाणीच्या तोंडावरचं बांधकाम, यंत्रं, लोखंड सगळं काढून नेलं गेलं. मागे राहिली कार्यालयं, गोदामं, यंत्रशाळा, ड्रिल शॉप (ड्रिलची कार्यशाळा), राउंडहाउस (रेल्वे इंजिनांची शेड). एखादी लांबलचक दगडी इमारत समोर येते. दरवाजे एवढे रुंद का, खिडक्या एवढ्या उंचावर का, भिंत मध्येच दुप्पट जाड का, याचं उत्तर देणारी वस्तूच जागेवर नाही. प्रत्येक इमारतीपुढे फलक वाचावा लागतो. त्यात बऱ्याच इमारतींचे दरवाजे बंद, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या कैच्या आणि भिंतीचा आतला चेहरा दिसतच नाही. वास्तुशैली शिकणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही कदाचित. मला वाटतं.

क्विन्सीला फलक न वाचताही सगळं कळतं, कारण तिथे कामाचा क्रम जमिनीवर ओळीने उभा आहे. क्र. २ चं शाफ्ट-रॉकहाउस १९०८ चं. पोलादी सांगाडा, वरून पन्हळी पत्रा, उंची सुमारे १५० फूट. खालचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी वाट, उभा नाही, तांब्याच्या थराच्या उताराने तिरका जातो. शेवटी त्याची लांबी ९,२६० फुटांवर गेली होती. त्याच तिरक्या रेषेत स्किप, म्हणजे दगड भरलेली गाडी, वर चढायची, म्हणून इमारतीची एक बाजूही तिरकी. स्किप माथ्याजवळ उलटायची, दगड लोखंडी गजांच्या जाळीवरून घसरायचा, बारीक माल खाली पडायचा, मोठे धोंडे क्रशरमध्ये जायचे, आणि सगळ्यात खाली उभ्या रेल्वेच्या वाघिणीत माल भरला जायचा. इतकी उंची लागली ती याचसाठी : पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणावर चालायचं.

तिथून दोराच्या कप्प्यांच्या खांबांवरून नजर मागे न्या, की हॉइस्ट हाउस, म्हणजे स्किपचा दोर ओढणाऱ्या यंत्राची (हॉइस्टची) इमारत. काँक्रीटचा सांगाडा, बाहेरून विटांचं अस्तर, जॉर्जियन थाट. आत मिलवॉकीच्या नॉर्डबर्ग कंपनीचं वाफेवर चालणारं हॉइस्ट, जगातलं सर्वात मोठं, ३० फूट व्यासाच्या ड्रमचं. एका खेपेला १० टन दगड उचलण्यासाठी ते बनवलं होतं. १९२० ला सुरू झालं आणि १९३१ ला थांबलं. एवढी देखणी इमारत जेमतेम अकरा वर्षं चालली.

अवस्थेच्या बाबतीत क्विन्सी उघडच मागे आहे. काही दगडी इमारतींची छपरं केव्हाच गेली. कीविनॉत हिवाळ्यात साधारण २०० इंचांच्या वर बर्फ पडतो. १९७८-७९ साली तर ३९०.४ इंच पडला. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी भिंतीच्या दोन दगडी चेहऱ्यांमधल्या भरावात उतरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दोन्ही बाजूंचे दगड बाहेर ढकलतं. पोटात फुगलेली भिंत दिसली की समजा, गाभा मोकळा झालाय; तिच्या जवळ उभं राहू नका. पण भिंतीचा छेद बघायचा तर असंच पडकं बांधकाम हवं. दोन चेहरे, मधला भराव, आरपार जाणारे जोडदगड किती कमी आहेत, हे धडधाकट इमारतीत कुणी दाखवत नाही.

कुठेही गेलात तरी दरजा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, बघा. जुनी चुन्याची दरज मऊ, फिकट आणि दगडापेक्षा किंचित आत असते. सिमेंटची करडी, कडक, बाहेर आलेली. बेसाल्ट सिमेंट सोसतो, पण त्याच्या जोडीला वापरलेला जेकब्सव्हिलचा लाल वालुकाश्म सोसत नाही : ओल दरजेतून सुटू शकत नाही म्हणून दगडातून सुटते, दगड सोलत जातो आणि दरज मधाच्या पोळ्यासारखी उभी राहते. अशा ठिकाणी दुरुस्ती म्हणजे दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल हाताने खोदणं, १ भाग हायड्रॉलिक (पाण्यानेच घट्ट होणाऱ्या) चुन्याला अडीच भाग खरखरीत वाळू, आणि भरल्यावर ओलं गोणपाट. थंडी पडायच्या बऱ्याच आधी हे उरकावं लागतं. ओला चुना गोठला तर भुगा होतो.

क्विन्सीची अडचण एवढीच, की आतलं बरंचसं मार्गदर्शकासोबतच बघता येतं आणि फेऱ्या मोसमाप्रमाणे बदलतात. वेळा आधी तपासा. भूमिगत भागात तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअस असतं, भर उन्हाळ्यातही जाकीट लागतं. सकाळची फेरी मिळाली तर दुपारनंतर कॅल्युमेटला तासभर जाता येईल. त्या तासात यंत्रशाळांच्या मागे लागू नका. कार्यालय आणि ग्रंथालय, दोन्ही बाहेरून फिरून बघा.