"गॅस संपला" म्हणून पैसे घेतले आणि राहत्या गाडीच्या एसीत भरला स्वयंपाकाच्या सिलेंडरचा गॅस

ट्रॅव्हलर आतून बदलून घर केलेली असेल, म्हणजे पलंग, सिंक, शेगडी सगळं आत, आणि तिचा एसी ऐन उन्हाळ्यात रस्त्यात बसला तर कोणाच्या हाती गाडी द्यायच्या आधी हे वाचून घ्या. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण जे झालं ते पैशापुरतं नव्हतं, जिवावरचं होतं.

मे महिन्यात वरोऱ्याहून शेगावला निघालो होतो, आई, बायको, पोरं आणि चुलतभाऊ. अमरावतीला थांबलो तेव्हा लक्षात आलं की गाडी पळत असली की एसी बरा चालतो आणि उभी राहिली की गरम हवा फेकतो. बाहेर ४५ च्या आसपास, आईला बीपीचा त्रास, म्हणून अकोला रोडवर गाडीच्या एसीचं एक दुकान दिसलं तिथं गाडी लावली. त्या माणसानं बोनेट उघडून गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर लावलं आणि मला बोलावलं, "हे पाहा भाऊ, दोन्ही काटे झिरोवर. गॅसच नाही गाडीत." मी म्हटलं मागच्याच वर्षी भरला होता, तर म्हणे, "वर्षभरात संपतेच न भाऊ तो, डिझेल कसं संपते तसंच आहे."

मग एक सिलेंडर आणला, त्यावर ना लेबल ना कंपनीचं नाव, वजनकाटा नाही, व्हॅक्यूमची, म्हणजे गॅसआधी आतली हवा ओढून काढायची, मशीन तर दुकानात दिसलीच नाही. सरळ पाईप जोडला आणि गॅस सोडला, ३८०० रुपये घेतले, बिल मागितलं तर बिलबुक संपलं म्हणे. अकोल्यापर्यंत गार लागलं, नंतर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, क्लच सारखा टक टक करून लागायचा आणि सुटायचा, आणि परत तीच गरम हवा. परतीच्या वाटेवर त्याच दुकानात गेलो तर त्यानं पाचच मिनिटात सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, २६ हजार लागतील आणि जुना कॉम्प्रेसर इथंच जमा करावा लागेल. जुना यांना काहून पाहिजे? चुलतभाऊ म्हणाला, "काही नाही दादा, चाल. खिडक्या उघडू अन् घरी जाऊ, आपल्याकडच्या माणसाले दाखवू." भर उन्हात खिडक्या उघड्या टाकून आलो, आईचे फार हाल झाले.

चंद्रपूरला एक मेकॅनिक बसचे एसी करतो, त्याच्याकडे नेली. त्याला काटे झिरोवर होते हे सांगितलं तर त्यानं स्वतःचं मीटर आणलं आणि पाईपच्या टोकाला जी कपलर असते ती गाडीच्या व्हॉल्व्हवर नुसती खट करून बसवली. काटे झिरोवरच. मग त्या कपलरवरची गोल चाबी हातानं फिरवली, तसे दोन्ही काटे झरकन शंभराच्या वर गेले. ती चाबी फिरवल्याशिवाय व्हॉल्व्हची पिन दबतच नाही, त्यामुळे गाडीत गच्च गॅस असला तरी मीटर झिरोच दाखवणार. आमच्या गाडीत गॅस होता, तरी आम्हाला झिरो दाखवला गेला. त्यानं सांगितलं की १३४ए, म्हणजे गाडीच्या एसीत भरतात तो गॅस, सिस्टीममध्ये थोडा जरी पातळ रूपात शिल्लक असला तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात, गाडी बंद असताना, दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या (प्रेशरचं माप) वर असायलाच पाहिजेत. फक्त एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे की कमी ते समजत नाही, पण गॅसच नाही हे म्हणणं खोटं ठरतं.

नंतर त्यानं पाईप सोडला तेव्हा जरासा गॅस सुटला आणि मी तिथंच थंड पडलो. स्वयंपाकाच्या सिलेंडरचा वास. तोच, गळती झाली की येतो तो. त्यानं लगेच सगळ्यांना मागं सरकवलं, पलीकडं एक जण बिडी ओढत होता त्याला हाकललं, गाडी मोकळ्यात नेली.

१३४ए पेट घेत नाही, सिलेंडरचा गॅस घेतो. आणि एसीची कूलिंग कॉईल आपल्या झोपायच्या जागेच्या वर बसवलेली, ती गळाली तर गॅस कुठं येणार? त्याच गाडीत शेगडी पेटवून बायकोनं शेगावच्या अलीकडे चहा केला होता. ३८०० रुपयांसाठी माणूस पोराबाळांच्या गाडीत हे भरतो, याचा मला अजूनही संताप येतो.

खरा बिघाड निघाला कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पंख्याचा रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा छोटा स्विच. तो जळाला होता, पंखा फिरतच नव्हता, म्हणून पळताना वाऱ्यानं एसी चालायचा आणि थांबलं की बंद. त्यात आमची गाडी कापसाच्या जिनिंगजवळ उभी राहते, कंडेन्सरच्या जाळीत कापसाचा पिंजा आणि धूळ नमद्यासारखी बसली होती. वरून जास्तीचा गॅस कोंबल्यामुळे प्रेशर चढून क्लच सुटत होता. कॉम्प्रेसर चांगलाच होता, आजही तोच चालू आहे.

आता घरी काय करायचं आणि काय नाही. एसी बंद लूप आहे, गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे आणि लीक न शोधता भरलेला गॅस परत जाणारच. म्हणून पहिले आपणच पाहा, थांबल्यावरच गरम हवा येते का, एसी लावल्यावर समोरचा पंखा फिरतो का, फ्यूज, रिले, बेल्ट. तसाच रिले हॉर्नलाही असतो पुष्कळ गाड्यांत, अदलाबदल करून पाहिलं की दोन मिनिटात कळतं. कंडेन्सर इंजिन बंद करून साध्या पाण्यानं धुवा, सर्व्हिस सेंटरचं प्रेशरचं पाणी जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर लीक तिथं असण्याची शक्यता जास्त, साबणाचा फेस लावून पाहा. एवढं कोणालाही जमतं.

गॅस मात्र स्वतः भरू नका. यूट्यूब पाहून ऑनलाईन डबा मागवणारे आपल्या गावातही आहेत. चुकून हाय साइडला, म्हणजे जास्त प्रेशरच्या बाजूला, जोडला तर डबा हातात फुटू शकतो, आणि १३४ए उणे २६ डिग्रीला उकळतो, अंगावर पातळ उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मेकॅनिककडे गेलात तर सिलेंडरवरचं लेबल वाचा, आधी लीक टेस्ट, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग काट्यावर ग्रॅममध्ये मोजून गॅस, हे डोळ्यासमोर करून घ्या. पुष्कळ गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आणि मीटर लावलं की ती कपलरची चाबी आपल्यासमोर फिरवायला सांगा.

त्या दुकानात फोन केला तर ओळख द्यायला तयार नाही, बिल नाही म्हणून पुढं काही करता आलं नाही. ज्यांनी हायवेवर असाच बिनलेबलचा गॅस भरून घेतला असेल त्यांनी तो आधी चांगल्या मेकॅनिककडून मोकळ्या जागेत काढून घ्या, वास येत नसला तरीही, आणि तोपर्यंत गाडीच्या आत शेगडी पेटवू नका.