टायफॉइड ओळखायचा कसा: विडाल की ब्लड कल्चर?

खानापूर-निपाणीकडे पावसाळ्यात ताप तीन-चार दिवस उतरला नाही की पेशंट थेट लॅबमध्ये जाऊन विडाल करून घेतो. टेस्ट स्वस्त, रिपोर्ट लवकर हातात. पण विडाल जंतू शोधत नाही. शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी मोजते, आणि त्या वाढायला साधारण आठवडा जातो. त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या 'निगेटिव्ह'ला फारसा अर्थ नाही. 'पॉझिटिव्ह'चीही खात्री नाही: जुना टायफॉइड, लस, कधी मलेरियासुद्धा टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) वाढवतो. 7 ते 10 दिवसांनी दुसरा नमुना घेऊन टायटर चौपट झालं का, हे बघायचं असतं. ते करतं कोण? रिपोर्टवर 1:80 टायटर दिसलं की सलाईन सुरू.

ब्लड कल्चरमध्ये जंतूच वाढवून बघतात. त्यासाठी पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी, मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त लागतं. गोची इथंच होते. रक्त 2-3 मिलीच काढलं, किंवा मेडिकलमधून आणलेली गोळी आधीच पोटात गेली, की बाटलीत काही उगवत नाही. बेळगावला पाठवायची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी घोळ होतो. सगळं नीट करूनही शंभरातले चाळीसेक रुग्ण निसटतात, आणि रिपोर्टला 2 ते 5 दिवस लागतात.

तरी आमचा कौल कल्चरलाच. कोणतं औषध लागू पडेल हे तेच सांगतं, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनला हा जंतू आता बहुधा दाद देत नाही. ताप दहा दिवसांवर गेला असेल, गोळ्याही झाल्या असतील, तर विडाल जोडीला चालेल. एकट्या विडालवर मात्र औषध ठरवू नये.