गिरणगाव वॉक: पैसे वसूल, पण गोष्ट अर्ध्यावर सोडतात

मुंबईतल्या लालबाग-परळचा, म्हणजे जुन्या कापड गिरण्यांच्या भागातला, गिरणगाव वॉक केला एकदाचा. ग्रुपचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि पोरं तशी मेहनती आहेत. माणशी पाचशे घेतात, तीनेक तास चालवतात. भारतमाता थिएटरपासून सुरू, मग चिवडा गल्ली, मसाल्याची दुकानं, करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी आणि शेवट फिनिक्स मॉलमधल्या जुन्या गिरणीच्या चिमणीपाशी.

चाळींचा भाग एक नंबर. गाईडने फुटपाथवर खडूने १६० चौरस फुटांची चौकट आखली आणि सगळ्या ग्रुपला म्हणाला, चला आत उभे राहा. वीस-पंचवीस जण खांद्याला खांदा लावून उभे, आणि मग तो शांतपणे सांगतो की अशा एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं भाडं वाटून राहायची, रात्रपाळीवाला परत येईपर्यंत दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा म्हणून जमायचं, नाहीतर झोपायला जागा कुठली. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी विचारते ट्रंका कुठे ठेवायच्या, तर म्हणे भिंतीला फळ्या ठोकून वर. पुस्तकात दहा पानं वाचून जे कळत नाही ते खडूच्या चार रेघांत कळलं. १८९६ चा प्लेग, त्यानंतर शहर सुधारायला काढलेला १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० ला या चाळी बांधणारं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच आपलं बीडीडी, ही साखळी पण त्याने मस्त जोडली. अशा चाळी वरळीत १२१ बांधल्या, बाकीच्या नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या.

खानावळीवर मात्र दोन मिनिटं. अहो, एकट्याने राहणारा कामगार जेवायचा कुठे, तर चाळीतल्याच बायकांकडे, महिन्याच्या बोलीवर, पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर आणायचा, व्याज भरायचं, आणि कामगाराचा पगार अडकला की जेवण देणाऱ्या बाईचं पण घर अडकलं. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून काढून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. हे सांगितल्याशिवाय गिरणगाव कसं काय पूर्ण होतं मला कळत नाही.

आता मुख्य तक्रार. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, कामगार नेते दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, इथपर्यंत छान रंगवून सांगितलं आणि मग एकदम "संप फसला, गिरण्या गेल्या, मॉल आले". असं नाही हो झालं! संपानंतरही बऱ्याच गिरण्या कशाबशा चालू होत्या. पण तोवर कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली होती. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ नंबरचा नियम म्हणायचा की गिरणीची जागा विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळ) आणि उरलेली मालकाला. २००१ ला तो बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली, म्हणजे शेड उभी असलेली जागा हिशोबातून बाहेर. पब्लिकचा वाटा तिथेच आटला. कोर्टकचेरी झाली, २००६ ला सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. २०१२ ला कामगारांच्या घरांची लॉटरी निघाली ती ६,९२५ घरांची, आणि अर्ज लाखाच्या वर. फिनिक्सच्या चिमणीखाली सेल्फी काढायला वेळ दिला त्यातली पाच मिनिटं याला द्यायची ना.

अजून एक, रस्त्यांचं कोणी बोललंच नाही. हा भाग गिरणीचा भोंगा झाला की चालत गिरणीत पोचणाऱ्या माणसांसाठी वसलेला. त्याच जागी ऑफिसं आली आणि लोक ट्रेनने यायला लागले, पण जिने आणि पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ जण चेंगरून गेले त्यामागे पाऊस, अफवा वगैरे असेलच, पण हे पण आहे. आम्ही त्याच पट्ट्यात चालत होतो तरी उल्लेख नाही.

आणि प्लीज, चाळीच्या आत ग्रुप नेऊ नका. कॉमन पॅसेजमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढत होते काही जण, एक आजी दार लावून घेऊन आत गेल्या. लोक राहतात तिथे, म्युझियम नाहीये ते. गाईडने एकदाही हटकलं नाही.

बाकी गाईडचा आवाज खणखणीत, प्रश्न विचारले तर वैतागत नाही, आणि साचाखातं (मागांचा विभाग), बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) असले शब्द तो घरात ऐकल्यासारखे वापरतो. पाचपैकी साडेतीन. सकाळची बॅच घ्या, दुपारी करी रोडच्या पुलावर ऊन भाजून काढतं. नाश्ता पॅकेजमध्ये नाही, पण चिवडा गल्लीत थांबतात तेव्हा घ्यायचं ते घेऊन ठेवा, पुढे ब्रेक नाही.