पातळ पत्रा सपाट ठेवायचाय: टिग, मिग की रॉड?

एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा वेल्डिंगने जोडणं अवघड नाही, जोडल्यावर तो सपाट ठेवणं अवघड आहे. सांध्याजवळचं तापलेलं लोखंड फुगू पाहतं, आजूबाजूचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही, त्यामुळे ते जागच्या जागी दबून जाड होतं. निवताना आकसलं की ते मूळ लांबीपेक्षा आखूड भरतं आणि सगळा पत्रा आपल्याकडे ओढतं. कडा उचलतात, मध्ये झोळ येतो. म्हणून मशीन निवडताना हिशोब एकच: सांध्याच्या दर मिलिमीटरला पत्र्यात किती उष्णता गेली? व्होल्टेज गुणिले करंट, भागिले हात पुढे सरकण्याचा वेग.

‘टिगने पत्रा वाकत नाही’ हे सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. टिगमध्ये टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, निघते आणि भरायची तार (फिलर) हाताने घालतात. हा आर्क नेमका असतो, पायाच्या पेडलवर करंट कमी-जास्त करता येतो, एक मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर पुरतात, हे सगळं खरं. पण टिगचा हात सावकाश चालतो आणि तेवढ्या वेळात उष्णता दूरवर पसरते. मिगमध्ये तार मशीनमधून आपोआप पुढे येत वितळते. शॉर्ट सर्किट पद्धतीने, म्हणजे तार पत्र्याला टेकत-टेकत, चालवलेलं मिग, ०.६ मिलिमीटरची तार लावून, झपाट्याने पुढे जातं. लांब सरळ सांध्यावर बहुतेक वेळा मिगचाच पत्रा कमी वाकलेला निघतो.

तरीही बाहेरून दिसणाऱ्या पॅनेलला मी टिगच घेईन, कारण वेगळं आहे. टिगचा सांधा बसका आणि मऊ असतो. खाली डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीने ठोकला की आकसलेली धातू पुन्हा ताणली जाते आणि पत्रा सपाटीला येतो. मिगचा सांधा उंच आणि कडक, ठोकताना तडकू शकतो. तो ग्राइंडरने उतरवावा लागतो, आणि ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला तर त्याचीही उष्णता पत्रा वाकवते. म्हणून आधी पाहा, सांध्याच्या मागे हात पोचतो का? पोचत असेल तर टिग. मागची बाजू बंद असेल तर मिग, तेही सलग रेघ न ओढता. दोन-तीन सेंटिमीटरवर टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे, मग प्रत्येक वेळी लांबची जागा निवडून मधली अंतरं भरत जायची. आधीचा टाका हाताला सोसवेल इतका निवल्याशिवाय शेजारी दुसरा नको.

टिगची एक अट कडक आहे: कडा एकमेकींना अगदी टेकल्या पाहिजेत. फट राहिली की फिलर जास्त, म्हणजे उष्णता जास्त. मिग थोडी फट सांभाळून घेतं.

दीड मिलिमीटरखाली रॉडच्या, म्हणजे लेप दिलेली कांडी होल्डरमध्ये धरून करायच्या वेल्डिंगच्या, नादी लागू नये. दुसरा इलाजच नसेल तर २ मिलिमीटरचा ६०१३ क्रमांकाचा रॉड, डीसी, होल्डर निगेटिव्हला. स्पॉट वेल्डिंगने (दोन पत्रे दाबून ठिपक्याठिपक्याने जोडण्याने) पत्रा फार कमी वाकतो, पण पत्रे एकावर एक चढवावे लागतात आणि त्यांच्यामधल्या फटीत पाणी शिरतं.

सिलिकॉन ब्राँझच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) तारेकडे मात्र उगाच दुर्लक्ष होतं. ती हजार अंशांच्या आसपास वितळते, लोखंडाला सुमारे दीड हजार लागतात. पत्रा स्वतः वितळतच नाही, त्यामुळे तो कमी ओढला जातो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्तही कमी जळतं. धूर तरीही निघतो, हवा खेळती हवीच. सांध्याचा रंग तांबूस दिसतो, आणि सगळा भार त्या सांध्यावरच येणार असेल तर ही तार नको.

स्टेनलेसला हे सगळं आणखी कडक लागू होतं. साध्या लोखंडाच्या तुलनेत ३०४ प्रतीचं स्टेनलेस उष्णता जेमतेम एक तृतीयांश वाहून नेतं आणि फुगतं जवळपास दीडपट. उष्णता सांध्यापाशीच साठते. इथे पल्स टिग (करंट ठोक्याठोक्याने कमी-जास्त होणारं), सांध्यामागे घट्ट टेकलेली जाड तांब्याची पट्टी, दोन्ही बाजूंना क्लॅम्प, आणि काम पूर्ण निवेपर्यंत ते न सोडणं, एवढं तरी जमवावं. पट्टी लावायला जागाच नसेल तर सांध्याची जागा बदलून तो पत्र्याच्या घडीजवळ न्यावा. घडीमुळे पत्र्याला ताठपणा मिळतो आणि तो ओढ सहन करतो.