नोटिफाय-सेंड : पाठवायला लय भारी, नजर ठेवायला जरा कटकट

सांगलीत विश्रामबागला आमचं लग्नाच्या अल्बमचं आणि व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे, मशीनवर उबंटू लिनक्स २४.०४. लग्नसराईत एकेक फाईल एफएफएमपेगला, म्हणजे व्हिडिओ बदलून देणाऱ्या कमांडला, लावली की ते तासन् तास फिरत बसतं आणि आपण दर थोड्या वेळानं टर्मिनल उघडून बघायचं, झालं का, झालं का. नोटिफाय-सेंड ही कमांड स्क्रीनवर छोटा मेसेज, म्हणजे नोटिफिकेशन, दाखवते, तिनं हे बघणं संपलं. फुकट आहे, उबंटूत बहुतेक वेळा आधीच असतं, नसलं तर लिबनोटिफाय-बिन हे पॅकेज टाकायचं.

कमांड संपली की पुढं दोन अँडची चिन्हं, मग नोटिफाय-सेंड आणि कोटमध्ये मजकूर. 'तासगावचं लग्न उरकलं' लिहिलं की स्क्रीनवर तस्संच उमटतं, जोडाक्षरं पण फुटत नाहीत. बरेच जण दोन अँडच्या जागी अर्धविराम टाकतात, पण मग मधेच डिस्क भरून काम बंद पडलं तरी 'उरकलं' येणार, कारण दोन अँड म्हणजे आधीची कमांड नीट झाली तरच पुढची. फेल झाल्यावर कळायला पाहिजे असेल तर दोन उभ्या दांड्या टाकून 'बोंबललं' असा दुसरा मेसेज ठेवा, आमच्याकडं तसाच आहे.

अर्जन्सी तीन पातळ्यांची, लो, नॉर्मल आणि क्रिटिकल. क्रिटिकल आपणहून जात नाही, हातानं बंद करेपर्यंत तिथंच, आणि डू नॉट डिस्टर्ब लावलं असलं तरी येतं, म्हणून 'बोंबललं' क्रिटिकलवर आणि बाकी सगळं नॉर्मलवर. डॅश टीनं किती वेळ दिसावं ते मिलिसेकंदात देता येतं, ५००० म्हणजे पाच सेकंद, पण नोम, म्हणजे उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, ते चक्क धाब्यावर बसवतो आणि आपल्याच मनानं ठरवतो. डन्स्ट हा नोटिफिकेशन दाखवणारा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांकडं वेळ पाळली जाते. मग मॅन्युअलमध्ये तो ऑप्शन वाचून खूश होणाऱ्यांनी काय करायचं?

मला सगळ्यात आवडलं ते डॅश कॅपिटल ए, म्हणजे बटणं. 'पेनड्राइव्हवर टाकू का' असं विचारून खाली 'टाक' आणि 'राहू दे' अशी दोन बटणं देता येतात, जे दाबलं त्याचं नाव कमांड छापते, स्क्रिप्ट ते वाचून कॉपी सुरू करते. बटण दाबेपर्यंत कमांड थांबून राहते हे मात्र ध्यानात ठेवा. डॅश पीनं नोटिफिकेशनचा नंबर मिळतो आणि डॅश आरला तो दिला की जुन्याच चौकोनात ३० टक्के, ४० टक्के बदलत जातं, ढीग लागत नाही. उबंटू २२.०४ वरच्या जुन्या आवृत्तीत बटणं, डॅश पी, डॅश आर यातलं काहीच नाही, तेव्हा तिथं शोधत बसू नका.

आता नजर ठेवायचं, म्हणजे कुठलं नोटिफिकेशन आलं आणि का बंद झालं ते बघायचं. त्याला वेगळं टूल, डीबस-मॉनिटर, प्रोग्राम एकमेकांना जे निरोप देतात ते दाखवणारं, त्याला इंटरफेस म्हणून ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स एवढंच गाळून द्यायचं. मग कुणी पाठवलं, शीर्षक काय, मजकूर काय, सगळं टर्मिनलमध्ये धो धो येतं, एका साध्या मेसेजला डझनभर ओळी, वाचताना डोकं उठतं. पण त्यात एक खजिना आहे, नोटिफिकेशनक्लोज्ड, नोटिफिकेशन बंद का झालं याचं कारण आकड्यात येतं, १ म्हणजे वेळ संपून गेलं, २ म्हणजे कुणीतरी हातानं बंद केलं. आमचा ऑपरेटर पोरगा म्हणायचा, "दादा, मला दिसलंच न्हाई ओ." आता मी नुसता तो २ दाखवतो, पोरगं हसतं आणि कामाला लागतं. आणि एक, दुसऱ्या ॲपच्या नोटिफिकेशनचा मजकूर पण त्यात उघडा दिसतो, सामायिक मशीनवर हे चालू ठेवायचं तर आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामातून, पाठवायला गेलात तर काहीच दिसणार नाही, कारण क्रॉनला तुमच्या डेस्कटॉपच्या सेशनचा पत्ता ठाऊक नसतो. डीबस_सेशन_बस_ॲड्रेस हा व्हेरिएबल स्क्रिप्टमध्ये स्वतः द्यावा लागतो, साधारणपणे रन, युझर, १००० या फोल्डरातला बस नावाचा सॉकेट, १००० म्हणजे तुमचा युझर नंबर.

शेजारच्या काकांनी विचारलं, पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला गेलं की यावर येईल का. येईल की, पण आकडा आणून द्यायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं, हे फक्त दाखवतं. आणि तेही त्या एका स्क्रीनवरच. तुम्ही भडंग आणायला बाहेर पडलात तर फोनवर काही येणार नाही, त्यासाठी एनटीएफवाय ही फोनवर नोटिफिकेशन पाठवणारी सेवा बघा, कर्ल या कमांडच्या एका ओळीत फोनवर मेसेज जातो, फक्त टॉपिकचं, म्हणजे मेसेज ज्यावर जातात त्या चॅनेलचं, नाव सहज ओळखता येईल असं ठेवू नका, सार्वजनिक सर्व्हरवर ते नाव ज्याला कळेल त्याला तुमचे मेसेज वाचता येतात.